माहितीपुस्तिका लिहिणारा माणूस कसा निवडाल?

जव्हार-मोखाड्यात गेल्या काही वर्षांत यंत्रे बरीच आली. नाल्यावरून पाणी उचलणारे सौरपंप आले. बचतगटांकडे नागली दळायच्या चक्क्या, भात सडायच्या छोट्या गिरण्या, काजू फोडायची आणि फळे-भाज्या वाळवायची यंत्रे आली. यंत्रासोबत माहितीपुस्तिकाही येते. बहुतेक वेळा ती इंग्रजीत असते, आणि मराठीत असली तर इंग्रजीवरून घाईघाईने उतरवलेली असते. बिलासकट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ती संस्थेच्या कपाटात किंवा गटाच्या अध्यक्षांच्या पेटीत जाते आणि तिथेच राहते. यंत्र ज्या पाड्यावर आहे, तिथे ती सापडत नाही.

या दोन तालुक्यांत ही उणीव जास्त महागात पडते, कारण इथे शिकवलेला माणूस वर्षभर जागेवर नसतो. भाताची कापणी आटोपली, दिवाळी झाली, की घरेच्या घरे भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला जातात. परततात ती शिमग्याला, नाहीतर थेट पावसाच्या तोंडावर. कंपनीच्या माणसाने ऑक्टोबरात ज्या दोघांना पंप चालवायला शिकवले, ते जानेवारीत गावात नसतात. आणि पंपाची खरी गरज तर जानेवारी ते मे याच काळात असते. मागे राहिलेल्या म्हाताऱ्या सासूला किंवा दहावीतल्या मुलीला पंप सुरू करावा लागतो. त्या वेळी हाताशी असते ते फक्त लिहिलेले. म्हणून माहितीपुस्तिका हा इथे यंत्राचाच एक सुटा भाग समजावा, आणि बेअरिंग किंवा पट्टा निवडताना घेतो तेवढी काळजी ती लिहिणारा माणूस निवडताना घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

या भागात यंत्रे बसवणाऱ्या संस्था, शेतकरी उत्पादक कंपन्या, बचतगटांचे प्रभागसंघ, आणि नाशिक, बोईसर, वसईत यंत्रे बनवून इकडे विकणारे लहान कारखानदार यांच्यासाठी हा लेख आहे.

आधी कारखानदारांना एक गोष्ट सांगतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये उत्पादन दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातल्या कलम ८४ प्रमाणे, योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराबद्दलचा इशारा उत्पादनासोबत दिलेला नसेल आणि त्यामुळे कोणाला इजा झाली, तर उत्पादकावर दावा होऊ शकतो. म्हणजे चांगले बनवलेले, कुठेही दोष नसलेले यंत्रसुद्धा अपुऱ्या सूचनांपायी मालकाला अडचणीत आणू शकते. अशा सूचना कशा लिहाव्यात याचे आंतरराष्ट्रीय मानकही आहे. त्याचा क्रमांक ८२०७९-१, आणि २०१९ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. ते विकत घेऊन वाचायची सगळ्यांना गरज नाही, पण तुमच्याकडे येणाऱ्या लेखकाने त्याचे नाव तरी ऐकलेले असावे.

सूचना नुसत्या छापल्या म्हणजे काम झाले असे मात्र नाही. कीटकनाशकाच्या डब्यावरचा रंगीत चौकोन आपल्याला ओळखीचा आहे. लाल म्हणजे अतिशय विषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. डब्यासोबत प्रादेशिक भाषेतले पत्रक द्यावे, असा नियमही आहे. तरी २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यामागे कारणे अनेक होती. औषधांची मिश्रणे, माणसाच्या उंचीच्या वर गेलेला कापूस, हातमोजे-मुखवट्यांचा अभाव ही त्यातली काही. पण मुंगीएवढ्या अक्षरात, चार भाषांत, दाटीवाटीने छापलेले पत्रक बांधावर उभा असलेला माणूस वाचत नाही, हेही तितकेच खरे आहे. नियम पाळला गेला एवढ्यावर समाधान मानणारा लेखक तुम्हाला नको. वाचणाऱ्याच्या हातून काम नीट झाले का, हे पाहणारा लेखक हवा.

मराठीला हे काम नवे नाही. शं. वा. किर्लोस्करांनी १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ काढले, ते कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचवण्यासाठी. पुढे त्याचे मोठे मासिक झाले. लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या गळी उतरवायचा तर त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलावे लागते, हे त्या कारखान्याला शंभर वर्षांपूर्वी उमगले होते. आज सौरपंप विकणाऱ्यालाही तेच करावे लागेल.

जाहिरात देण्याआधी

लेखक शोधायला निघण्याआधी स्वतःचे थोडे काम करून घ्या. तुमच्या यंत्राची दुरुस्ती करणाऱ्या मेकॅनिकला बोलावा आणि गेल्या हंगामात त्याला कोणकोणते फोन आले ते विचारा. ‘पंप चालू आहे पण पाणी येत नाही.’ ‘दिवा लाल झालाय.’ ‘पीठ गरम येतंय.’ ‘पट्टा निसटतोय.’ हे सगळे त्याच्या शब्दांत, येतील तसे लिहून घ्या. तुमच्या पुस्तिकेची अनुक्रमणिका त्या यादीतच असते. कंपन्यांच्या पुस्तिका मात्र ‘आमचे उत्पादन निवडल्याबद्दल अभिनंदन’ इथून सुरू होतात, पुढे दोन पाने तांत्रिक तपशिलांचा तक्ता असतो, आणि पाणी का येत नाही हे सतराव्या पानावर, तेही अर्ध्या ओळीत. मेकॅनिकची यादी हातात असली की लेखकाला नेमके काय लिहायचे आहे ते पहिल्याच भेटीत सांगता येते.

दुसरे म्हणजे वाचणारा कोण, ते ठरवा. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. घरात वारली, कोकणा, ठाकरी, कातकरी बोलणारी माणसे शाळेत प्रमाण मराठी शिकली. ती वाचतात, पण लांब वाक्य आले की अडखळतात. काही जणी अजिबात वाचत नाहीत, मात्र चित्र नीट ओळखतात. पुस्तिका बोलीत लिहावी का, असे मला अनेकदा विचारतात. माझे उत्तर असे : लिखाण साध्या मराठीत असावे, वस्तूंची नावे गावातली असावीत, आणि तोच मजकूर बोलीत बोलून त्याचा दोन-तीन मिनिटांचा ऑडिओ फोनवर ठेवावा. बोलीत लिहिलेले वाचायची सवय फारशी कोणाला नाही. ऐकायची सगळ्यांना आहे.

सुट्या भागांची नावे नाशिकच्या किंवा जव्हारच्या दुकानदाराला समजतील तीच ठेवावीत. ‘धारवा’ मागितला तर काउंटरवर कोणी बेअरिंग काढून देणार नाही.

माणूस कुठे सापडेल

‘टेक्निकल रायटर’ या नावाने काम करणारी माणसे पुण्यात भरपूर आहेत, मुंबईतही आहेत. त्यातले बहुसंख्य संगणक कंपन्यांसाठी इंग्रजीत लिहितात. पायऱ्या पाडणे, एका पायरीत एकच कृती देणे, इशारा कृतीच्या आधी देणे, ही शिस्त त्यांच्या अंगवळणी पडलेली असते आणि ती मोलाची आहे. पण नागलीच्या चक्कीसमोर बसायचा त्यांना सराव नसतो, आणि मराठीत लिहायचा तर त्याहून नसतो. म्हणून नुसत्या पदनामावर जाऊ नका.

मराठीत यंत्राबद्दल लिहू शकणारी माणसे दुसऱ्या नावांनी वावरतात. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून मराठीतून विज्ञान लिहिणाऱ्यांना एकत्र आणते आहे. तिथे विचारणा करता येते. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ आणि डहाणू तालुक्यातले कोसबादचे कृषी विज्ञान केंद्र इथले विस्तार कर्मचारी वर्षानुवर्षे शेतकऱ्यांसाठी घडीपत्रिका लिहीत आले आहेत, आणि या भागातला शेतकरी त्यांना ठाऊक आहे. वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याची ‘क्वेस्ट’ ही संस्था या भागातल्या मुलांच्या वाचनावर काम करते. कोणते वाक्य सहज वाचता येते आणि कोणते अडते, हे अशा कामात घडलेल्या माणसांना चटकन कळते. आयटीआयचे निदेशक, कृषी पुरवण्यांत लिहिणारे पत्रकार, नोकरी सोडून स्वतंत्र काम करणारे सर्व्हिस इंजिनिअर, यांच्यातही चांगले लिहिणारे निघतात.

आणि स्वतःच्या अंगणात बघायला विसरू नका. बायफ, प्रगती प्रतिष्ठान, आरोहण यांसारख्या संस्था जव्हार-मोखाडा भागात पाणी, शेती, आरोग्य, शिक्षण यांवर काम करतात. अशा कामांतून गावोगाव फिरलेले तरुण कार्यकर्ते इथे आहेत. ‘उमेद’च्या समुदाय संसाधन व्यक्ती आणि कृषी सखी रोज बायकांना काहीतरी समजावूनच सांगत असतात. त्यांच्यातली एखादी सबंध पुस्तिका एकटीने लिहील असे नाही. पण बाहेरच्या लेखकाच्या जोडीला ती असली तर पुस्तिकेचा दर्जा कितीतरी वर जातो. माझ्या मते या भागासाठी सर्वात चांगली रचना हीच : शिस्त जाणणारा एक लेखक, गाव जाणणारी एक सहकारी, आणि दोघांच्या मागे उभा असलेला एक मेकॅनिक. तिघांनाही पैसे द्यायचे. सहकारीचे नाव पुस्तिकेवर लेखकाच्या नावाशेजारी छापायचे.

सुंदर लिहिणारा पण यंत्राला हात लावायला बिचकणारा, आणि ओबडधोबड लिहिणारा पण पाना हातात घेऊन बसणारा, असे दोन उमेदवार समोर आले तर दुसरा घ्या. भाषा दुरुस्त करणारा माणूस पुढे मिळतो. जे पाहिलेच नाही, ते मात्र कोणालाही दुरुस्त करता येत नाही.

जाहिरात द्यायची तर ती गोलमोल नसावी. ‘अनुभवी, सर्जनशील मराठी लेखक हवा’ असे लिहिलेत की कथा-कवितांची कात्रणे घेऊन माणसे येतील. त्यापेक्षा असे लिहा : ‘तीन अश्वशक्तीच्या सौरपंपाची मराठी माहितीपुस्तिका लिहायची आहे. वाचणारे आठवी-दहावी शिकलेले. मोखाडा तालुक्यात पाड्यावर राहून यंत्र पाहावे लागेल, दोनदा यावे लागेल. गावकऱ्यांसोबत चाचणी घ्यावी लागेल. प्रवास, मुक्काम आणि नमुना पानाचे मानधन देऊ. आपण लिहिलेली कोणतीही एक कृतिसूचना पाठवा, स्वयंपाकाची असली तरी चालेल.’ यातल्या ‘पाड्यावर राहून’ या दोन शब्दांतच निम्मी चाळणी होते.

नमुना पान आणि त्याची चाचणी

उमेदवारांचे जुने काम पाहताना कागदाच्या चकचकीतपणावर भाळू नका. मजकुरातला एखादा इशारा शोधा आणि तो कृतीच्या आधी आहे की नंतर ते पाहा. ‘झाकण उघडा. (झाकण उघडण्यापूर्वी वीजपुरवठा बंद असल्याची खातरजमा करावी.)’ असे जिथे लिहिले आहे, तिथे वाचणाऱ्याचा हात इशाऱ्यापर्यंत पोचायच्या आधी झाकणात गेलेला असतो. शिवाय ‘सदर संयंत्राचे प्रचालन’ असल्या भाषेत लिहिणारा माणूस कार्यालयासाठी लिहितो, यंत्र चालवणाऱ्यासाठी लिहीत नाही.

भेटीत त्याला प्रश्न विचारण्यापेक्षा तो काय विचारतो ते ऐका. पंप कोणत्या वेळी चालवतात? कोण चालवते? चष्मा लावते का? पुस्तिका ठेवणार कुठे? मेकॅनिक यायला किती दिवस लागतात, तोवर काय करतात? असे विचारणारा माणूस कामाचा. पाने किती आणि शेवटची तारीख कोणती एवढेच विचारणाऱ्याला चहा पाजून निरोप द्यावा.

मग दोघा-तिघांना एकेक नमुना पान लिहायला द्या, आणि त्याचे पैसे द्या. फुकट नमुना मागणे अन्यायाचे आहे, आणि फुकट लिहिणारा यंत्र बघायला येतही नाही. विषय एकच द्या : ‘पंप सुरू होत नाही.’ माहिती मेकॅनिककडून घ्यायला सांगा. या एका पानात लेखकाची पारख होते. सौरपंपात एक धोका असा आहे, की तो विजेच्या पंपाची सवय असलेल्या माणसाच्या लक्षात येत नाही. कंट्रोलरचा खटका पाडला तरी ऊन आहे तोवर पॅनेलकडून येणाऱ्या तारांत वीज असतेच, आणि पॅनेले एकापुढे एक जोडलेली असल्यामुळे ती काहीशे व्होल्टपर्यंत जाते. जो लेखक टेबलावर बसून लिहितो तो ‘खटका बंद करा, म्हणजे वीज बंद होईल’ असे लिहून मोकळा होतो, आणि ते वाक्य एखाद्याच्या जिवावर बेतू शकते. जो लेखक मेकॅनिकच्या शेजारी उन्हात बसला, तो विचारतो, ‘आता या तारेला हात लावला तर?’ आणि मग लिहितो : ‘खटका पाडला तरी पॅनेलच्या तारांत वीज असते. या तारा, त्यांचे जोड आणि कंट्रोलरचे झाकण उघडू नका. मेकॅनिकला फोन करा.’

आता चाचणी. ज्या बाईने हा पंप कधी चालवलेला नाही, अशा एखादीला विनंती करा. तिचा रोज बुडणार, तेव्हा रोजाचे पैसे आधी हातात द्या, आणि तिला स्पष्ट सांगा की परीक्षा कागदाची आहे, तिची नाही. नमुना पान तिच्या हातात द्या. लेखकाने तीन हात लांब बसायचे, तोंड उघडायचे नाही, बोट दाखवायचे नाही. ती वाचू लागते. ‘कंट्रोलरवरील निर्देशक तपासा’ इथे तिचे बोट थांबते. ती कंट्रोलरच्या पेटीकडे पाहते, पुन्हा कागदाकडे पाहते. पेटीवर तीन दिवे आहेत, एक छोटा पडदा आहे. यातला निर्देशक कुठला? शेवटी ती लेखकाकडे पाहते. बोट जिथे थांबले तिथे लेखकाने वहीत खूण करायची. दुसऱ्या फेरीत ते वाक्य ‘पेटीवरचा लाल दिवा लागला आहे का ते पाहा’ असे होते आणि बोट न थांबता पुढे जाते. पान पूर्ण होईस्तोवर असे सहा-सात ठिकाणी तरी घडते.

या वेळी लेखकाच्या चेहऱ्याकडे लक्ष असू द्या. बाई अडली की ‘अहो, पुढे लिहिलंय ना ते!’ असे म्हणणारा उमेदवार तिथेच बाद समजा. खाली मान घालून खूण करणारा आणि संध्याकाळी पान नव्याने लिहून आणणारा तुमचा माणूस. पदवी, प्रमाणपत्र, ओळख, शिफारस यांतले काहीही या तासाभराच्या बरोबरीचे नाही.

चक्की किंवा गिरणी असेल तर नमुन्याचा विषय ‘पट्टा निसटला’ हा द्या. पट्ट्यावरची जाळी काढून ठेवायची सवय सगळीकडे आहे, आणि पदर किंवा ओढणी अडकून होणारे अपघात तिथेच होतात. लेखकाने पदर खोचण्याची, मोटर बंद करून चाक पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहण्याची आणि जाळी परत बसवण्याची गोष्ट कृतीच्या क्रमात घातली आहे का, ते पाहा. शेवटच्या पानावर ‘सुरक्षिततेची काळजी घ्यावी’ एवढेच लिहिले असेल तर ते काही न लिहिल्यासारखेच.

चित्रांबद्दल माझे मत अनेकांना रुचत नाही, तरी सांगतो. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जिव्या सोमा म्हशे यांनी ती जगभर नेली. तिचा अभिमान सगळ्यांनाच आहे. पण त्रिकोण-वर्तुळांच्या आकृतीतून कोणता नट, किती फिरवायचा, कोणत्या हाताने धरायचा हे दिसत नाही. मुखपृष्ठावर वारली चित्र जरूर घ्या, चित्रकाराला रास्त मोबदला द्या, मात्र आतल्या पानांवर साध्या रेषांची, हात आणि यंत्राचा भाग मोठा दाखवणारी चित्रे असू द्या. फोटोपेक्षा रेखाचित्र बरे, कारण फोटोत नको त्या वस्तूही दिसतात आणि झेरॉक्स काढली की सगळे काळे होते.

पैसे आणि करार

पानामागे अमुक रुपये असा दर ठरवू नका. तसा ठरवलात तर चाळीस पानी पुस्तिका येईल, आणि तुम्हाला हवी आहेत आठ पाने. पूर्ण कामाची एक रक्कम ठरवा आणि तिचे तीन हप्ते करा : यंत्र पाहून आराखडा दिल्यावर एक, पहिला मसुदा गावात तपासून झाल्यावर दुसरा, दुरुस्त केलेली अंतिम प्रत आणि मूळ फायली हातात आल्यावर तिसरा. दोन फेऱ्यांचा प्रवास, मुक्काम, चाचणीला बसणाऱ्यांचा रोज, चित्रकार आणि छपाई यांचा खर्च वेगळा धरा. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात यासाठी ओळच नसते, ही खरी अडचण आहे. संस्थांना माझे सांगणे आहे, की देणगीदाराला प्रस्ताव पाठवताना यंत्राच्या किमतीखालीच ही ओळ घाला. मागितले तर मिळते. न मागता कोणी देत नाही.

करार लेखी हवा, आणि त्यात स्वामित्वहक्काचे कलम नीट वाचून सही करा. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे पगारी कर्मचाऱ्याने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे असतो. बाहेरच्या लेखकाने मानधनावर लिहिलेल्या मजकुराचा हक्क मात्र साधारणपणे लेखकाकडेच राहतो. पैसे दिले म्हणून तो आपोआप तुमचा होत नाही. हक्क हस्तांतरित करायचा तर लेखी कागद आणि त्यावर लेखकाची सही लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षे धरली जाते. सौरपंप त्याहून जास्त वर्षे चालतो. म्हणून मुदत स्पष्ट लिहा, पुढे बदल करण्याचा, दुसऱ्या भाषेत नेण्याचा आणि ऑडिओ-व्हिडिओ करण्याचा हक्कही लिहा.

मूळ फायलींची गोष्ट अशीच महत्त्वाची. आपल्याकडचे पुष्कळ डीटीपी ऑपरेटर अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये मजकूर टाइप करतात. छापून येते सुरेख, पण दोन वर्षांनी मेकॅनिकचा फोन नंबर बदलला आणि फाइल उघडली, की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. तो मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवता येत नाही, त्यात शोधता येत नाही. तेव्हा ‘मजकूर युनिकोडमध्ये, संपादन करता येईल अशा फाइलमध्ये आणि चित्रे वेगळी’ हे वाक्य करारात हवेच. प्रत्येक प्रतीवर आवृत्तीची तारीख आणि यंत्राचे मॉडेल छापा. धोक्याच्या सूचनांवर इंजिनिअरची सही घ्या. ती जबाबदारी एकट्या लेखकावर टाकणे बरोबर नाही.

आजकाल यंत्राकडून भाषांतर करून देणारे उमेदवारही येतात. साधन वापरायला माझी हरकत नाही. फक्त एवढे करा : आकडे, एकके आणि नकारार्थी वाक्ये स्वतः मूळ प्रतीशी ताडून पाहा. ‘नका’ हा शब्द एका ठिकाणी गळाला तरी पुरे. नमुना पानाची गावातली चाचणी अशा मजकुरालाही तितक्याच काटेकोरपणे लावा.

खाद्यपदार्थ करणाऱ्या गटांसाठी दोन ओळी. नागलीची बिस्किटे, पापड, काजू यांच्या पाकिटावरची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असावी लागते. मराठी त्याच्या जोडीला घालता येते. नुसत्या मराठी लेबलवर भागत नाही. २०२० चे लेबलविषयक नियम माहीत असलेला माणूसच या कामाला घ्या. इथे चाचणीपेक्षा नियमांची जाण मोठी.

छपाईचा विचारही लेखकासोबतच करा. इथे पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, साधा कागद एका मोसमात बुरशीने जातो. रोजच्या वापराच्या चार-पाच कृती मोठ्या अक्षरात एका जाड, पाणी न लागणाऱ्या पत्र्यावर किंवा प्लॅस्टिकच्या फलकावर छापून यंत्राशेजारी लावा. बाकीची पुस्तिका लॅमिनेट करून पेटीच्या झाकणात ठेवा. क्यूआर कोड द्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका. मोबाइलची रेंज अनेक पाड्यांवर मिळत नाही. व्हिडिओ आधीच चार-पाच जणींच्या फोनमध्ये उतरवून ठेवलेला बरा.

राहता राहिला काळाचा हिशेब. लेखकाचा शोध जूनमध्ये सुरू करा. जुलैत सगळे लावणीत असतात, तेव्हा गावाला त्रास देऊ नका. त्या दिवसांत नमुने मागवा, मेकॅनिककडून यादी घ्या. ऑगस्ट-सप्टेंबरात निवड आणि पहिली फेरी करा. ऑक्टोबरचे ऊन पडले की पंप चालवून गावात चाचणी घ्या आणि दिवाळीच्या आधी छापून यंत्राशेजारी लावा. दिवाळीनंतर पुस्तिका तपासायला माणसे गावात मिळणार नाहीत.